बनाना ब्रेड, अल्पकर्बोदकी

पिकलेल्या केळ्याचा गर, अंडी, लोणी आणि बेकिंग सोडा किंवा पावडर यांपासून भट्टीत भाजल्या जाणाऱ्या बनाना ब्रेडचा एक घरगुती प्रकार. यात मैद्याऐवजी बहुधा बदामाचे पीठ आणि साखरेऐवजी एरिथ्रिटॉल (शरीरात जवळजवळ न वापरला जाणारा गोड पदार्थ) किंवा स्टीव्हिया (एका वनस्पतीच्या पानांतील गोडी) वापरून कर्बोदकांचे प्रमाण घटवलेले असते. यीस्टने आंबवलेल्या पावांत त्याची गणना होत नाही. घडणीने तो केकला जवळचा आहे. ‘अल्पकर्बोदकी’ या विशेषणाची सर्वमान्य व्याख्या नाही. दिवसाला १३० ग्रॅ.पेक्षा कमी कर्बोदके ही मर्यादा अनेक आहारतज्ज्ञ धरतात, तर कीटोजेनिक (अत्यल्प कर्बोदके व भरपूर स्निग्धांश असलेल्या) आहारात ती साधारणपणे २० ते ५० ग्रॅ. इतकी खाली येते.

मूळ बनाना ब्रेड अमेरिकेतला, याबद्दल फारसे दुमत नाही; तो केव्हा आणि कशामुळे रूढ झाला, याबद्दल मात्र आहे. पीठ यीस्टशिवाय फुगवणाऱ्या पर्लअ‍ॅश या क्षाराचा वापर अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ च्या पाककृतिसंग्रहात आढळतो, आणि आल्फ्रेड बर्ड यांनी इंग्लंडमध्ये बेकिंग पावडर तयार केली ती १८४३ च्या सुमारास. केळे अमेरिकेच्या बाजारात त्यानंतर आले. लोरेन्झो डाऊ बेकर या जहाजाच्या कप्तानाने १८७० मध्ये जमैकाहून आणलेली केळी जर्सी सिटीत विकली; १८८५ मध्ये बॉस्टन फ्रूट कंपनी व १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी स्थापन झाल्यावर हे फळ तेथे नित्याचे झाले. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी सर्व घटक हाताशी होते. वाळवलेल्या केळ्यांच्या पिठाच्या पावाचे उल्लेख याहून थोडे आधीचे आहेत, पण तो पदार्थ वेगळा. गर घालून केलेल्या ब्रेडची छापील कृती ठळकपणे दिसते ती १९३० नंतर, आणि पिल्सबरी या पीठ-उत्पादक कंपनीच्या १९३३ च्या संग्रहातील कृती सामान्यतः आद्य नमुन्यांपैकी एक मानली जाते.

महामंदीच्या काळात जास्त पिकलेली केळी फेकवेनात म्हणून गृहिणींनी हा पदार्थ काढला, असा एक लोकप्रिय समज आहे. दुसऱ्या मतानुसार पीठ आणि बेकिंग पावडर विकणाऱ्या कंपन्यांनी फुकट वा स्वस्त पुस्तिकांतून तो घरोघर नेला. ही मते परस्परांना छेद देत नाहीत. तरीही उपलब्ध छापील पुरावा विक्रेत्यांच्या पुस्तिकांकडे बोट दाखवतो, आणि दोन-तीन केळी वाचवण्यासाठी अंडी, लोणी व साखर खर्ची घालण्याला काटकसर म्हणावे काय, हाही प्रश्न उरतोच. त्या काळच्या कृती ग्रो मिशेल जातीच्या केळ्यावर बेतलेल्या होत्या. पनामा मर रोगामुळे ती जात १९५० ते १९६० च्या दशकांत निर्यातीतून मागे पडून तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. जळगावकडील बसराई आणि ग्रँड नैन ही केळी याच गटातली आहेत.

कर्बोदके कमी करण्याची आहारपद्धती याहून जुनी आहे. विल्यम बँटिंग यांनी लंडनमध्ये १८६३ साली आपल्या वजनघटीविषयी पुस्तिका छापली, मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये अपस्मारासाठी कीटोजेनिक आहार सुचवला, आणि रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या १९७२ च्या पुस्तकाने हा विचार सर्वदूर नेला. बदामपिठाचे घरगुती बेकिंग बऱ्याच नंतर, बहुधा एकविसाव्या शतकात, फोफावले.

या ब्रेडपुढची मुख्य अडचण केळे हीच आहे. पिकलेल्या केळ्याच्या १०० ग्रॅ. गरात सुमारे २३ ग्रॅ. कर्बोदके असतात व त्यांतील तंतू अडीच ग्रॅ.च्या आसपास भरतात. २५० ग्रॅ. मैदा, १५० ग्रॅ. साखर आणि ३०० ग्रॅ. गर यांच्या नेहमीच्या ब्रेडमध्ये एकूण ४०० ग्रॅ.हून थोडी अधिक, म्हणजे बारा कापांच्या हिशेबाने प्रत्येकी सुमारे ३४ ग्रॅ. कर्बोदके येतात. मैदा व साखर काढून तितकेच बदामपीठ आणि एरिथ्रिटॉल घातले, तर तंतू वजा जाता प्रत्येक कापात ७ ग्रॅ. उरतात, त्यांतील दोनतृतीयांशांहून अधिक एकट्या केळ्याची असतात. गर १०० ग्रॅ.वर, म्हणजे एका मध्यम केळ्यावर आणला, तर हा आकडा ४ ग्रॅ.पर्यंत उतरतो. कमी पिकलेले केळे घेण्याचा सल्ला काही जण देतात. कच्च्या गरात सुमारे २० टक्के असणारा स्टार्च पिकताना १ ते २ टक्क्यांवर येतो आणि त्या प्रमाणात शर्करा वाढते, हे खरे. पण कर्बोदकांची बेरीज त्यामुळे फारशी बदलत नाही, भाजताना न पचणाऱ्या स्टार्चचा काही भाग पचनसुलभ होतो, आणि सुगंध मात्र हातचा जातो. म्हणून पूर्ण पिकलेले, सालीवर काळे ठिपके आलेले एकच केळे घेणे अधिक सयुक्तिक वाटते.

बदामपिठात ग्लुटेन (गव्हातील चिवट प्रथिन) नसल्याने आधार अंड्यांतील प्रथिनांवर येतो, २५० ग्रॅ. पिठाला चार अंडी लागतात. चमचाभर इसबगोल पाणी धरून ठेवतो आणि काप सुटू देत नाही. नारळाचे पीठ वापरायचे असल्यास बदामपिठाइतकेच घेऊन चालत नाही, कारण ते कितीतरी अधिक ओलावा शोषते. एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के असते. ते साखरेसारखे तांबूस होत नाही आणि थंड झाल्यावर त्याचे खडे बनून दाताखाली कचकचतात, त्यामुळे ते दळून घेतात. क्लीव्हलंड क्लिनिकच्या संशोधकांनी २०२३ मध्ये रक्तातील एरिथ्रिटॉलची वाढलेली पातळी व हृदयविकाराचे झटके यांतील सहसंबंध नोंदवला; त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ओटीजीत, म्हणजे विजेच्या घरगुती भट्टीत, १७० ते १७५° से. तापमानावर हा ब्रेड ५० ते ६० मिनिटे भाजतात. बदामातील तेलामुळे वरचा भाग लवकर करपतो, म्हणून अर्ध्या वेळानंतर वर फॉइल झाकतात. मध्यभागाचे तापमान ९५° से.च्या आसपास पोहोचले की तो झाला असे धरतात. गरम असताना कापल्यास त्याचा भुगा होतो.

साठवणुकीत गव्हाच्या ब्रेडचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. फ्रिजच्या तापमानात गव्हाच्या स्टार्चचे पुनःस्फटिकीकरण वेगाने होऊन पाव शिळा लागतो, म्हणून तो बाहेर ठेवावा असे सांगतात. बदामपिठात स्टार्च अत्यल्प असल्याने ही भीती नाही. उलट पाणी बांधून ठेवणारी साखर गेल्यामुळे, विशेषतः गोडीसाठी केवळ स्टीव्हिया वापरलेला असल्यास, बुरशीला लागणारे मोकळे पाणी अधिक उरते. असा ब्रेड बाहेर जेमतेम दिवसभर टिकतो, कोकणातल्या पावसाळ्यात तेवढाही नाही. फ्रिजमध्ये घट्ट डब्यात चार-पाच दिवस चालतो. पूर्ण निवण्याआधी तो डब्यात घातला, तर झाकणाला धरलेली वाफ पाणी होऊन त्याच्यावरच ठिबकते. अधिक काळासाठी काप करून, मध्ये बटर पेपर घालून, −१८° से. तापमानाला दोन ते तीन महिने ठेवता येतो. पुढे बदामातील तेल हळूहळू खवट होऊ लागते. गोठलेला काप थेट तव्यावर किंवा टोस्टरमध्ये गरम करतात.