पडला नाही, धडपडला नाही, मग हाड मोडलं कसं?

शेजारच्या काकूंनी मागच्या महिन्यात मला दारातच गाठलं. "बाई, पोरगं पडलं नाही, धडपडलं नाही, नुसतं पळत होतं, आणि डॉक्टर म्हणतायत नडगीच्या हाडाला चीर गेलीय. असं कसं हुईल? कुणी काय केलं तर नसंल?" त्यांचा थोरला अग्निवीरची तयारी करतोय. पायात काळा दोरा तोवर बांधूनही झाला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते, असल्या प्रश्नांची सवय आहे, पण हे दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहितेय.

आधी पोरानं काय केलं ते बघा. २०२३ पासून सैन्यभरतीचा क्रम उलटा झालाय, आधी ऑनलाइन लेखी आणि मग ग्राउंड, म्हणजे शारीरिक चाचणी. त्यामुळे होतं काय, पोरं कितीतरी महिने अभ्यासिकेत खुर्चीला चिकटून बसतात आणि निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला हायवेवर. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारले की ६० मार्क, १० बीम (पुल-अप) मारले की ४०, आणि हातात दिवस मोजके. आमच्या हिरोनं पहिल्याच आठवड्यात सकाळ-संध्याकाळ मिळून रोज १२ किलोमीटर सुरू केले, तेही डांबरीवर. तिसऱ्या आठवड्यात टाइम झकास सुधारला, अकॅडमीतली पोरं पाठ थोपटायला लागली. चौथ्या आठवड्यात नडगी.

हा चौथा आठवडा योगायोग नाहीये, सगळी गंमत तिथंच आहे.

हे दुखणं तसं मूळचं लष्करातलंच. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरनं लिहून ठेवलं की लांब कूच केल्यावर जवानांचे पाय सुजतात, दुखतात, आणि मार तर कुठं लागलेला नसतो. कारण कळेना, कारण आत बघायची सोयच नव्हती. क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये, आणि १८९७ मध्ये फोटोत दिसलं की पावलाच्या लांब हाडाला चीर गेलेली आहे. तेव्हापासून मार्च फ्रॅक्चर हे नाव, आता स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

आपल्याला शाळेपासून वाटतं की हाड म्हणजे घरातल्या वाश्यासारखं, एकदा बसवलं की झालं. तसं नाही. हाड जिवंत आहे आणि आयुष्यभर त्याची डागडुजी चालू असते, मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी नवा होतो. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट दणका बसतो. ६० किलोच्या पोराला एका पायावर दीडशे किलोच्या आसपास, आणि १२ किलोमीटरमध्ये असे दणके प्रत्येक पायाला काही हजार. हाड दर वेळी केसभर वाकतं, परत सरळ होतं, आणि यातून आत अगदी बारीक, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील अशा भेगा पडतात. यात काळजीचं काही नाही, भेगा पडायलाच पाहिजेत, त्याशिवाय हाडाला कळणार कसं की आता मजबूत व्हायचंय?

आता हे कळतं कसं, हा माझा सगळ्यात आवडता भाग, जरा दमानं वाचा. हाडाच्या आत बारीक खोल्यांमध्ये अस्थिपेशी कोंडलेल्या असतात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत अतिशय बारीक नळ्या जातात, त्यातून पेशींचे लांब हात एकमेकांना लागलेले असतात आणि भोवती थोडं द्रव असतं. ओला स्पंज दाबल्यावर पाणी हलतं ना, तसं हाड वाकलं की हे द्रव नळ्यांतून सरकतं, आणि पेशीला ते सरकणं जाणवतं. वजन पडतंय, हे असं कळतं. आणि भेग पडली की काही नळ्या तुटतात, त्या भेगेजवळच्या पेशी मरतात, मरता मरता आजूबाजूला रासायनिक निरोप जातो, त्यात रँक-लिगँड नावाचं एक प्रथिन असतं, ते रक्तातून आलेल्या कच्च्या पेशींवरच्या रँक नावाच्या कुलपात बसतं आणि त्यांच्या हाड खाणाऱ्या मोठ्या पेशी बनतात, त्यांचं नाव ऑस्टिओक्लास्ट. (इथं कंटाळा आला असेल तर फक्त एवढं धरा: भेग पडली, निरोप गेला, खोदणारे आले.)

हो, आधी खोदणारेच येतात. खराब झालेलं हाड आम्ल सोडून विरघळवायचं, खड्डा साफ करायचा, आणि मग त्यांच्या मागून भरणारे, ऑस्टिओब्लास्ट. आपल्या गावात पाइपलाइनसाठी रस्ता खोदतात तसंच. खोदणारा जेसीबी एका दिवसात काम करून जातो, डांबर टाकणारे कधी येतील ते देवालाच ठाऊक. हाडात खोदकामाला साधारण तीन आठवडे लागतात आणि भराईला तीन महिने किंवा जास्तच, आणि मधल्या काळात ते हाड आधीपेक्षा कमजोर असतं. म्हणजे तुम्ही हाड पक्कं व्हावं म्हणून पळायला लागलात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते नेमकं सगळ्यात जास्त खोदलेलं असतं. त्याच वेळी दम मात्र वाढलेला असतो, कारण हृदय, रक्त आणि स्नायू काही आठवड्यांतच सुधारतात. दम म्हणतो अजून दोन किलोमीटर मार, आणि हाडाचा रस्ता उकरून पडलेला.

बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर घ्या, नाशिक रोडचं तोफखान्याचं घ्या नाहीतर कामठीचं गार्ड्सचं, रंगरूट, म्हणजे नवा भरती झालेला जवान, आत गेला की पळणं, ड्रिल, बूट, पाठीवर वजन, सगळं एकदम सुरू होतं आणि उस्ताद (तिथला प्रशिक्षक) काही तुमच्या ऑस्टिओब्लास्टची वाट बघत नाही. म्हणून ही खोदाई-भराई घरून निघायच्या आधीच एकदा पार पडलेली बरी. इस्रायलच्या सैन्यात १९८० च्या दशकात २९५ रंगरूट तपासले तर ३१ टक्क्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. मग तिथल्या डॉक्टरांनी पुढं पंचवीस वर्षं याचा पिच्छा पुरवला. त्यांना दिसलं की भरतीच्या आधी दोन-दोन वर्षं बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ खेळलेल्या पोरांना हे कमी होतं, कारण तिथं उड्या, वळणं, सगळ्या बाजूंनी दणके बसतात. आपल्याकडं कबड्डी, खो-खोला हे गुण असायला काय हरकत आहे! दुसरं म्हणजे कूच कमी केली आणि रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली, तर प्रमाण निम्म्याहून खाली आलं. झोप! आणि आमची पोरं रात्री बारापर्यंत रील्स बघून साडेचारला उठतात.

उंदरांवरच्या प्रयोगांत अजून एक मजेशीर गोष्ट दिसलीय. हाडाला एका दमात ३६० झटके दिले त्यापेक्षा तेवढेच झटके मध्ये काही तास सोडून चार वेळा ९०-९० असे दिले तर हाड जास्त वाढलं. थोडे झटके बसले की पेशी बहिऱ्या होतात, पुढचे मोजतच नाहीत, विश्रांती मिळाली की परत ऐकू लागतात. म्हणजे सलग दोन तास पळण्यातला बराचसा भाग हाडासाठी फुकट, भेगा तेवढ्या वाढतात.

म्हणून लेखीच्या अभ्यासाच्या काळातच आठवड्यातून तीन-चार दिवस वीस मिनिटं का होईना पळा, दोरीउड्या मारा, मातीच्या पाणंदीवरून जा. निकालानंतर शून्यावरून बारावर उडी मारायची वेळच येऊ देऊ नका.

आता डब्यांविषयी. भरतीच्या सीझनला 'हाडं लोखंडासारखी' असं लिहिलेल्या पावडरी धडाधड खपतात, त्यावर लोहपुरुषासारखा दिसणारा माणूस असतो. खरं सांगायचं तर कॅल्शियममध्ये तथ्य आहे, अमेरिकन नौदलाच्या पाच हजारांवर महिला रंगरूटांवर चाचणी झाली, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी दिल्यावर फ्रॅक्चर २० टक्क्यांनी कमी झाले. २० टक्के, शंभर नाही. नाचणीची भाकरी, दूध, सकाळचं ऊन, आणि कमतरता असेल तर डॉक्टरच्या सल्ल्यानं गोळी, एवढं पुरतं. आणि ग्राउंडच्या आधी दुखणं दाबायचं इंजेक्शन घेणाऱ्यांना हात जोडून विनंती, दुखणं हा त्या खोदलेल्या रस्त्यावरचा लाल झेंडा आहे, तो काढून गाडी पुढं दामटू नका, शिवाय घाम जाऊन अंग कोरडं पडलेलं असताना ही औषधं किडनीवर येतात.

मनाच्या तयारीबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथं प्रवचनं फार झालीत. एक प्रयोग मात्र आत्ताच करा. मनगटाची नाडी धरा, श्वास आत घ्या, ठोके जरा जवळ येतील, आता हळूहळू लांब सोडा, ठोके अंतर टाकतील. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाचा ब्रेक दाबते. उस्ताद ओरडतोय, छातीत धडधड होतेय, अशा वेळी उच्छ्वास लांबवणं हे हातात असलेलं बटण आहे. त्याला मंत्र लागत नाही, शिबिराची फी लागत नाही. आणि पोरं दुखणं लपवतात, 'कच्चा निघाला' म्हणतील म्हणून, या शेजारच्यानंही दहा दिवस आईला सांगितलं नव्हतं. त्यातच चीर वाढली. पहिल्या एक्स-रेत तर काही दिसलंच नाही, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये सापडलं.

आता त्याचं पळणं बंद आहे, डॉक्टरला विचारून सायकल मारतोय, बीम चालू आहेत. परवा काकूंना हे सगळं खोदणाऱ्या-भरणाऱ्यांसकट सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग दोरा काढू का ठेवू?" मी म्हटलं, राहू द्या, पण दुसऱ्या पायाची नडगीही मी दाबून बघितली, तिथंही दुखतंय त्याला, उद्या डॉक्टरला दोन्ही पाय दाखवा.