टूर्निकेट

हात किंवा पाय बाहेरून आवळून त्यातला रक्तप्रवाह काही काळ अडवणारे साधन. रक्त तपासणीच्या वेळी दंडाला बांधतात तो रबरी पट्टा, शस्त्रक्रियागृहातला हवा भरायचा पट्टा आणि सैनिकाच्या जवळ असणारा दांडीचा पट्टा ही त्याची तीन नेहमीची रूपे. डॉक्टर आणि परिचारिका आपसात ‘टूर्निकेट’ म्हणतात. रुग्णाच्या कानावर मात्र ‘पट्टा बांधते, मूठ आवळा’ एवढेच पडते.

रचना पाहिली तर यात फारसे काही नाही: एक पट्टा, तो ताणायची सोय आणि ताण टिकवणारी अडकण. अवघड आहे ते किती आवळायचे, किती रुंदीवर आवळायचे आणि किती वेळ, हे ठरवणे. गेल्या तीनशे वर्षांतल्या बहुतेक सुधारणा या तीन प्रश्नांभोवतीच झाल्या आहेत.

तत्त्व

हातापायांत रक्त आणणाऱ्या रोहिणी जाड भिंतीच्या, जास्त दाबाच्या आणि बहुतांशी खोलवर असतात. रक्त परत नेणाऱ्या नीलांपैकी बऱ्याच त्वचेलगत असतात. त्यांची भिंत पातळ आणि आतला दाब अगदी कमी. त्यामुळे पट्टा आवळू लागले की आधी नीला मिटतात. रक्तदाब १२०/८० असलेल्या माणसाच्या दंडावर पाऱ्याच्या ४० ते ६० मिलिमीटर दाबाने पट्टा बांधला, तर रोहिणीतून रक्त येत राहते, पण परतीची वाट बंद होते. कोपराच्या खळगीतली शीर फुगून वर येते आणि सुई टोचणाऱ्याचे काम सोपे होते. मनगटाची नाडी या वेळी लागायलाच हवी. ती लागत नसेल तर पट्टा जास्त आवळला गेला आहे.

नेमकी हीच स्थिती रक्तस्राव होणाऱ्या अवयवावर घातक ठरते. मांडीतली रोहिणी तुटली आहे आणि कोणी घाईघाईने रुमाल बांधला, पण तो अर्धवटच आवळला गेला, तर परतीची वाट बंद आणि येणारे रक्त चालू असा प्रकार होतो. जखमेतून जाणारे रक्त कमी होण्याऐवजी वाढू शकते. म्हणून रक्तस्राव थांबवायचा पट्टा एक तर पुरता आवळावा, नाही तर बांधूच नये. मधला मार्ग इथे सर्वांत वाईट.

पट्ट्याची रुंदी हा कळीचा मुद्दा आहे. अरुंद पट्ट्याचा दाब त्वचेखाली जसजसे खोल जावे तसा झपाट्याने विरतो. त्यामुळे खोलवरची रोहिणी मिटवायची तर वरच्या थरांवर प्रचंड दाब द्यावा लागतो, आणि त्यात कातडी, स्नायू, मज्जातंतू चिरडतात. पट्टा रुंद असेल तर तेच काम कमी दाबात होते. पट्ट्याची रुंदी अवयवाच्या घेराच्या निम्म्याहून जास्त असेल, तर रुग्णाच्या वरच्या रक्तदाबापेक्षाही कमी दाबात प्रवाह थांबू शकतो, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. सुतळी, वायर किंवा बुटाची नाडी ही टूर्निकेट म्हणून का वापरू नयेत, याचे उत्तर यातच आहे.

इतिहास

अवयव बांधून काहीतरी अडवण्याची कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सर्पदंशाच्या जागेच्या वर चार अंगुळे अंतर सोडून ‘अरिष्टा’ नावाचा बंध बांधायला सांगितला आहे. शिरावेधासाठी, म्हणजे शीर टोचून रक्त काढण्यासाठी, शीर वर उठावी म्हणून अवयव बांधण्याचे वर्णनही तिथे येते, आणि ते आजच्या रक्त काढण्याच्या पद्धतीच्या फार जवळचे आहे.

युरोपात या साधनाला वळण दिले ते युद्धाने. १६७४ मध्ये बेझांसॉंच्या वेढ्यात मोरेल या फ्रेंच शल्यविशारदाने दोरीच्या फासात काठी घालून ती पिळली आणि रक्त थांबवले. यातली अडचण उघड होती: पिळलेली काठी शस्त्रक्रिया संपेपर्यंत कोणीतरी धरून ठेवावी लागे. त्या काळात भूल नव्हती. रुग्ण तडफडत असे आणि मदतनीसाचा हात सुटला की सगळे संपले. १७१८ मध्ये झां-लुई पेती यांनी पट्ट्यावर धातूचा स्क्रू बसवला. स्क्रू फिरवला की दाब वाढे आणि हात काढला तरी तो तसाच राही. दाब हळूहळू कमी-जास्त करणे आणि तो आपोआप टिकणे, हे दोन्ही गुण एकाच भागाने दिले. या साधनाच्या इतिहासातली सर्वांत देखणी सुधारणा कोणती असे विचारले, तर प्रस्तुत लेखकाचे मत पेतींच्या स्क्रूला.

१८६०च्या दशकात जोसेफ लिस्टर यांनी मनगटाच्या क्षयग्रस्त सांध्यावर शस्त्रक्रिया करताना हात आधी उंच धरून रक्त उतरू दिले आणि मग टूर्निकेट बांधले. अवयव कापून टाकण्यापुरते असलेले साधन अशा रीतीने नाजूक शस्त्रक्रियेच्या कामी आले. १८७३ मध्ये जर्मन लष्करी शल्यविशारद फ्रीडरिख फॉन एस्मार्ख यांनी बोटांपासून वरपर्यंत रबरी पट्टी गुंडाळून रक्त पिळून काढण्याची रीत मांडली. तपकिरी रबराची एस्मार्ख पट्टी आजही शस्त्रक्रियागृहांत दिसते. अनेक ठिकाणी तीच गुंडाळून टूर्निकेट म्हणूनही वापरतात. हे धोक्याचे आहे, कारण प्रत्येक वेढ्यागणिक दाब वाढत जातो आणि तो मोजायची सोय नसते. या पट्टीने हात लुळे पडल्याची नोंद १८८१ मध्येच रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी केली होती.

दाब मोजता येऊ लागला तो १९०४ मध्ये. इटलीत १८९६ मध्ये रिवा-रोची यांनी रक्तदाब मोजण्यासाठी हवा भरायचा पट्टा बनवला होता. अमेरिकी मेंदूशल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी त्यावरून हवेचे टूर्निकेट तयार केले. ते पटकन बांधता-सोडता येई आणि आतला दाब सगळीकडे सारखा राही. १९०८ मध्ये ऑगस्ट बीअर यांनी दंडावर बंध ठेवून खालच्या शिरांत बधिरीकरणाचे औषध सोडले. केवळ हात बधिर करण्याची ही पद्धत ‘बीअर ब्लॉक’ म्हणून आजही वापरात आहे. इथे पट्टा रक्तासाठी नसून औषधासाठी असतो. तो लवकर सुटला तर सगळे औषध एकदम हृदयाकडे आणि मेंदूकडे जाते, म्हणून शस्त्रक्रिया लवकर आटोपली तरी निदान वीस मिनिटे तो काढत नाहीत.

शस्त्रक्रियेतील वापर

पूर्वी हाताला २५० आणि पायाला ३०० मिलिमीटर दाब असे ठोकळ आकडे ठरलेले असत. बारीक चणीच्या म्हातारीला आणि पैलवानाला एकच दाब, असा हा प्रकार. कॅनडातील व्हँकूव्हरचे अभियंता जेम्स मॅकइवन यांनी दाब स्वतः सांभाळणारे, गळती झाल्यास इशारा देणारे संगणकीय टूर्निकेट विकसित केले आणि १९८०च्या दशकापासून ते रूढ झाले. त्यापुढची पायरी म्हणजे त्या रुग्णाच्या त्या अवयवातला प्रवाह नेमका किती दाबाला थांबतो हे आधी तपासणे आणि त्यात थोडी भर घालणे. हा थांबण्याचा दाब १३० पेक्षा कमी असेल तर त्यावर ४०, १३१ ते १९० असेल तर ६० आणि त्याहून जास्त असेल तर ८० मिलिमीटर, अशी भर सर्वसाधारणपणे घालतात.

इजा मुख्यतः मज्जातंतूंना होते. १९७२ मध्ये बबून माकडांवर केलेल्या प्रयोगांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की नुकसान पट्ट्याच्या मध्यापेक्षा कडांखाली जास्त होते. दाब जिथे अचानक संपतो तिथे मज्जातंतूचे आवरण दाबाखालून बाहेरच्या दिशेला सरकलेले होते. म्हणजे केवळ दाबाचा आकडा नव्हे, तर एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत तो किती झपाट्याने बदलतो हेही घातक. पट्ट्याखाली मऊ अस्तर घालणे, मांडीसारख्या निमुळत्या अवयवाला तसाच निमुळता पट्टा वापरणे, या सवयी त्यातून आल्या. अस्तरात जंतुनाशक द्रव झिरपला तर मात्र त्याखाली कातडी भाजते. नवख्या पथकांना हे उशिरा कळते.

वेळेची मर्यादा साधारण दोन तासांची धरतात. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर मध्ये दहा-पंधरा मिनिटे पट्टा सोडून अवयवाला रक्त मिळू देतात. तास-दीड तास अडलेल्या पायात आम्ल आणि पोटॅशियम साठते. पट्टा सुटताच ते शरीरभर पसरते आणि रक्तदाब उतरतो, त्यामुळे भूलतज्ज्ञाला आधी सांगूनच तो सोडायचा असतो. सिकल सेल असलेल्या रुग्णाची बाब वेगळी. प्राणवायू कमी पडला की या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवतात, म्हणून टूर्निकेट शक्यतो टाळतात. नंदुरबार जिल्ह्यात, तसेच गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत हा आजार बराच आढळतो. तिथे हाडांच्या शस्त्रक्रियेआधी सिकल सेलची तपासणी विसरून चालत नाही.

बोटाच्या शस्त्रक्रियेला हातमोज्याचे एक बोट कापून वळकटी करून बसवतात. पांढरे किंवा कातडीच्या रंगाचे ते बारीक कडे मलमपट्टीखाली राहून गेल्याने बोट काळे पडल्याच्या घटना घडल्या आहेत. ब्रिटनमध्ये २००९ साली याबद्दल रुग्णालयांना खास सूचना द्यावी लागली. भडक रंगाचे, शेपटी बाहेर राहील असे कडे वापरणे हा त्यावरचा उपाय.

अपघात आणि युद्ध

विसाव्या शतकात बराच काळ या साधनाची बदनामी होती. टूर्निकेट बांधले म्हणजे पाय गेला, असे मानत आणि तो शेवटचा उपाय म्हणून शिकवत. इराकमधल्या युद्धाने हे मत उलटवले. बगदादच्या लष्करी रुग्णालयातील २३२ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. धक्क्याची अवस्था (शॉक), म्हणजे रक्त गेल्याने रक्तदाब कोसळण्याची स्थिती, येण्याआधी पट्टा बांधलेल्यांपैकी ९० टक्के वाचले, नंतर बांधलेल्यांपैकी १० टक्के. केवळ टूर्निकेटमुळे एकाही रुग्णाचा अवयव कापावा लागला नाही.

अमेरिकी सैन्याने २००५ पासून जवानांना दिलेल्या ‘कॅट’ (कॉम्बॅट ॲप्लिकेशन टूर्निकेट) या साधनाची रचना अभ्यासण्यासारखी आहे. सुमारे ३.८ सेंटिमीटर रुंद नायलॉन पट्टा, वेल्क्रो, आतून सरकणारी दुसरी फीत, ती पिळणारी दांडी आणि दांडी अडकवायची खाच. मोरेलची काठी तीच. फक्त ती धरायला आता मदतनीस लागत नाही आणि जखमी माणूस एका हाताने स्वतःला पट्टा बांधू शकतो. आधी पट्ट्यातली ढील हाताने पूर्ण काढणे इथे फार महत्त्वाचे. ती राहिली तर दांडीचे वेढे नुसती ढील गुंडाळण्यात खर्ची पडतात. बांधायची जागा जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही. बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. दर पंधरा-वीस मिनिटांनी पट्टा सैल करावा हा जुन्या प्रथमोपचाराच्या तासांना शिकवला जाणारा नियम आता मोडीत निघाला आहे, कारण प्रत्येक वेळी थोडे थोडे रक्त जाऊन रुग्ण हातचा जातो. एकदा बांधलेला पट्टा डॉक्टरच सोडतील.

कॅटची नक्कल करणारी स्वस्त साधने बाजारात मिळतात. ऐन वेळी त्यांची दांडी वाकते किंवा मोडते. गाझामध्ये नाकेबंदीमुळे मूळ साधन मिळेना, तेव्हा डॉ. तारेक लुबानी यांच्या ‘ग्लिया’ प्रकल्पाने दांडी आणि बक्कल त्रिमितीय मुद्रकावर छापून, स्थानिक पातळीवर शिवलेल्या पट्ट्याला जोडले. २०१८ च्या निदर्शनांत ती वापरली गेली. त्यांनी आराखडे सर्वांसाठी खुले ठेवले.

सर्पदंश

महाराष्ट्रात टूर्निकेटचा गैरवापर साप चावल्यावर सर्रास होतो. शेतात साप चावला की सुतळी, करगोटा, साडीची किनार, हाताला येईल ते करकचून बांधायचे. घोणस आणि फुरसे यांचे विष दंशाच्या जागीच ऊती नासवते. बांधून ते तिथे कोंडले की हात किंवा पाय सडण्याचा धोका वाढतो. नाग आणि मण्यार यांच्या विषाने श्वास थांबू शकतो, आणि दवाखान्यात पोचल्यावर बंध एकदम कापला तर अडलेले विष झटक्यात पसरून रुग्ण अचानक खालावतो. भारतातील उपचार-मार्गदर्शिका असा बंध बांधू नये असे सांगते. बांधून आणलेल्या रुग्णाची खालची नाडी बंद असेल, तर बंधाच्या वर रक्तदाबाचा पट्टा फुगवून मग दाब हळूहळू उतरवतात, तेही प्रतिविष आणि श्वास देण्याची तयारी ठेवून. अरिष्टेचा आधार घेऊन कोणी वाद घालतेच. पण सुश्रुताच्या काळी प्रतिविष नव्हते, आज या चारही सापांवर चालणारे प्रतिविष हाफकिनसारख्या संस्था बनवतात, आणि बांधाबांधीत गेलेला वेळ त्या कुपीपर्यंत पोचण्याच्या वेळेतून वजा होतो. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून अवयव हलू न देणे एवढेच करावे.

रक्त काढतानाचा पट्टा

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार हा पट्टा सुईच्या जागेपासून चार-पाच बोटे वर बांधतात आणि दोन मिनिटे होण्याआधी सोडतात. जास्त वेळ राहिला तर शिरेतले पाणी ऊतींत झिरपून रक्त दाट होते आणि प्रथिनांचे आकडे फुगतात. मूठ वारंवार उघडझाप केली तर पोटॅशियमही खोटेच वाढलेले दिसते. ‘मूठ आवळा’ म्हणजे एकदा आवळून धरा, पंप मारू नका. एकच पट्टा दिवसभर सगळ्यांच्या दंडाला बांधण्याची चाल बऱ्याच ठिकाणी आहे, आणि अशा पट्ट्यांवर औषधांना न जुमानणारे जंतू सापडले आहेत. रबराची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी लॅटेक्सविरहित पट्टे मिळतात. ते एकदा वापरून टाकायचे असल्याने दोन्ही अडचणी टळतात. किंमत मात्र प्रयोगशाळेला मोजावी लागते.