पावसात पॅनेल फिरवू नये : छतावरील 26 गिगाहर्ट्झ जोडणीबाबत ग्राहकांसाठी माहिती

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कोल्हापूर शहरातील ज्या ग्राहकांकडे आम्ही टॉवरवरून बिनतारी इंटरनेट घेणारी 26 गिगाहर्ट्झची पॅनेल बसवली आहेत, त्यांची दर पावसाळ्यात एकच तक्रार असते : वेग मंदावला म्हणून पॅनेल थोडे फिरवून पाहिले, आता जोडणीच टिकत नाही.

टीव्हीची डिश हलवून चित्र आणण्याची सवय येथे उपयोगाची नाही. या पॅनेलच्या झाकणामागे तळहातावर मावेल एवढ्या पट्टीवर 64 अँटेना आठ-आठच्या रांगांत असतात, कारण या वारंवारतेला लहरीची लांबी जेमतेम साडेअकरा मिलिमीटर असते आणि दोन अँटेनांत तिच्या निम्मे अंतर पुरते. प्रत्येक अँटेनाच्या सिग्नलची कला (फेज, म्हणजे लहरीच्या चढउताराची वेळ) थोडी मागेपुढे केली की सर्व लहरी एका दिशेला जुळून सुमारे 13 अंश रुंदीचा झोत तयार होतो, आणि तो टॉवरकडे वळवण्याचे काम यंत्र काहीही न हलवता स्वतःच करते. मात्र हे वळणे समोरून दोन्ही बाजूंना साधारण 60 अंशांपर्यंतच चालते; त्या टोकाला टॉवरला पॅनेलचा दर्शनी भाग निम्माच दिसत असल्याने सिग्नलची ताकदही निम्म्यावर येते. झोत आपोआप वळतो तर बसवताना एवढे मोजत का बसता, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर हेच आहे.

ताशी 25 मिलिमीटर पाऊस पडत असताना या वारंवारतेवर किलोमीटरमागे साधारण 4 डेसिबल, म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच जाते. तेव्हा दिशा चुकलेली नसते. सर ओसरली की वेग पूर्ववत होतो. पण तेवढ्यात कोणी पॅनेल फिरवले, तर उघडिपीत ते कसेबसे चालते आणि पुढच्या सरीला हमखास बंद पडते. (पॅनेल जलरोधक आहे, त्यावर ताडपत्री बांधण्याचे कारण नाही.)

पॅनेल पकडणारा क्लॅम्प आणि खांब यांवर मिळून आम्ही लाल रेघ ओढतो. ती जुळत असेल तर दुरुस्तीची भेट विनामूल्य असते, सरकलेली असेल तर आकार पडतो. काहींना हा नियम जाचक वाटतो. परंतु फेरजुळणीला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो आणि तोवर इतरांची कामे खोळंबतात. फोन करण्यापूर्वी रेघेचे छायाचित्र पाठवावे, बरेचदा त्यावरूनच उलगडा होतो.

वार्षिक देखभाल घेणाऱ्यांची जुळणी आम्ही मे महिन्यातच तपासून देतो. ज्या कारखान्यांना भर पावसातही खंड परवडत नाही, त्यांच्यासाठी त्याच खांबावर 5 गिगाहर्ट्झची पर्यायी जोडणी बसवता येते; तिचा वेग कमी असला तरी पावसाचा तिच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही.