मँडारिन मासा

मँडारिन मासा : पश्चिम प्रशांत महासागरातील प्रवाळभित्तींवर राहणारा, कॅलिओनिमिडी कुलातील एक लहान अस्थिमत्स्य. शास्त्रीय नाव सिंकिरोपस स्प्लेंडिडस. ॲल्बर्ट हेर यांनी १९२७ मध्ये फिलिपीन्समधील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले आणि त्याचा समावेश कॅलिओनिमस प्रजातीत (जीनसमध्ये) केला. काही वर्गीकरणकार त्याच्यासाठी टेरोसिंकिरोपस ही वेगळी प्रजाती मानतात. येथे सिंकिरोपस हे रूढ नावच स्वीकारले आहे. चिनी बादशाही अधिकाऱ्यांच्या (मँडारिन) भरजरी झग्यांवरून हे नाव पडले, असे मानतात.

लांबी साधारण ६–७ सेंमी. नारिंगी अंगावर निळ्या-हिरव्या नागमोडी रेघा असतात. नर मादीपेक्षा मोठा असून त्याच्या पहिल्या पृष्ठपक्षाचा (पाठीवरील पराचा) पुढचा काटा लांब वाढलेला असतो.

या माशाच्या निळ्या रंगाचा प्रश्न थोडा विस्ताराने पाहायला हवा. बहुतेक माशांचा निळा रंग हा रंगद्रव्याचा नसतो. त्वचेतील विशिष्ट पेशींत ग्वानिन या रंगहीन पदार्थाच्या पातळ स्फटिकपट्ट्यांच्या चळती असतात. त्यांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरींच्या व्यतिकरणातून (लहरी एकमेकींत मिसळण्यातून) निळा रंग दिसतो. मँडारिन माशाचा निळाही असाच असावा, असे सहज वाटते. मात्र गोडा आणि फुजी या जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये हा मासा व त्याच प्रजातीतील सिं. पिक्चुरेटस यांच्या त्वचेत खरे निळे रंगद्रव्य बाळगणाऱ्या पेशी दाखवून दिल्या. त्यांना ‘सायनोफोर’ म्हणतात. या पेशींतील निळे कण चेतना मिळताच पेशीच्या मध्याशी गोळा होतात आणि पुन्हा पसरतात. काळ्या व तांबड्या रंगपेशींतही कण असेच हलतात, त्यामुळे हा पुरावा आम्हाला निर्णायक वाटतो. पृष्ठवंशी प्राण्यांत असे निळे रंगद्रव्य फक्त या दोनच जातींत आहे, हे वारंवार छापले जाणारे विधान मात्र जपून घ्यावे. स्यूडोक्रोमिस डायडेमा या प्रवाळमाशात तांबडे रंगद्रव्य आणि प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या एकाच पेशीत बाळगणाऱ्या रंगपेशी पुढे आढळल्या; म्हणजे अनपेक्षित प्रकारच्या रंगपेशी इतर माशांतही असू शकतात. मँडारिन माशाच्या निळ्या रंगद्रव्याच्या रासायनिक रचनेचा उलगडा मात्र अजून व्हायचा आहे.

या माशाला खवले नसतात. त्वचेवर बुळबुळीत, दुर्गंधी स्रावाचा जाड थर असतो. रंगाची भडक नक्षी भक्षकांना इशारा देत असावी, असा एक तर्क आहे. हा स्राव पाहता तो पटण्याजोगा आहे.

जपानच्या र्‍यूक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा प्रसार आहे. सुमारे १८ मी. खोलीपर्यंतच्या शांत खाजणांत आणि किनाऱ्यालगतच्या भित्तींवर, प्रवाळाच्या फांद्यांत व तुटलेल्या प्रवाळाच्या खचात तो राहतो. उघड्यावर तो क्वचितच येतो, म्हणून एवढ्या झगमगीत रंगांचा मासाही पाणबुड्याच्या नजरेतून सहज निसटतो. रुंद अधर पक्षांवर (पोटाखालील परांवर) टेकत तो तळावरून सरकतो, थबकतो, डोळे फिरवतो आणि बारीक तोंडाने एकेक भक्ष्य टिपतो. कोपेपॉड व अँफिपॉड हे सूक्ष्म कवचधारी जीव, कृमी, बारीक शंखधारी प्राणी आणि माशांची अंडी हे त्याचे खाद्य. दिवसभर त्याचे हे टिपणे चालूच असते. मत्स्यालयात तयार खाद्य तो बहुधा नाकारतो आणि अनेकदा उपासमारीने मरतो. पाळणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावे.

प्रजनन सूर्यास्ताच्या सुमारास होते. माद्या प्रवाळाच्या ठरावीक जागी जमतात आणि नर त्यांच्याभोवती फिरतो. जोडी जमली की मादी नराच्या अधर पक्षावर टेकते. दोघे अंगाला अंग लावून खडकापासून हळूहळू वर चढतात, क्षणभर थांबतात, अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतात आणि झटकन खाली जाऊन दिसेनासे होतात. एका वेळी सुमारे दोनशेपर्यंत अंडी सोडली जातात. ती प्रवाहाबरोबर तरंगत जातात. पालक त्यांची राखण करत नाहीत. पिल्ले साधारण एका दिवसाच्या आत बाहेर पडतात आणि सुमारे दोन आठवड्यांनी तळाशी स्थिरावतात.

माद्या मोठ्या नरांना पसंती देतात. मत्स्यालयांच्या व्यापारातही मोठ्या नरांनाच मागणी असते. फिलिपीन्समध्ये बारीक सुईसारख्या भाल्याने टिपून हे मासे पकडण्याची पद्धत नोंदली आहे आणि तीतही मोठे नरच निवडले जातात. अशी पकड झालेल्या ठिकाणी मोठे नर कमी होऊन प्रजननावर परिणाम होण्याचा धोका असतो.