रॅम टाकायचीय? २६६६ घ्यावी का ३२००, ते आधी वाचा मग दुकानात या

दिवसातनं चार जण तरी येतात आणि काउंटरवर हात टेकायच्या आधी विचारतात, "अण्णा, ३२०० वाली रॅम कितीला ओ?" आम्ही विचारतो बोर्ड (मदरबोर्ड, ज्यावर प्रोसेसर आणि रॅम बसते तो) कुठला आहे, तर उत्तर येतं "काळा आहे". आता काळे बोर्ड काय कमी आहेत का सोलापुरात. मग परत घरी जा, कॅबिनेट उचलून आणा, विजापूर रोडवरनं नवी पेठेत दोन चकरा, पेट्रोल तुमचं आणि वेळ दोघांचा. म्हणून हे पत्रक. बिलासोबत देतो, व्हॉट्सॲपवर पण पाठवतो, ज्याला पाहिजे त्याला पुढे पाठवा.

पहिलं एक सांगतो. पाकिटावर जो २६६६, ३२०० असा आकडा छापलेला असतो तो त्या रॅमचा स्पीड, म्हणजे तिची ताकद झाली, तुमच्या मशीनमध्ये ती तेवढ्यानं पळेलच असं नाही. पळायचं किती ते प्रोसेसर आणि बोर्ड दोघं मिळून ठरवतात, आणि स्लॉटमध्ये दोन रॅम वेगवेगळ्या असतील तर जी हळू आहे तिच्या चालीनं दुसरीला चालावं लागतं.

परवाचंच बघा. एमआयडीसीतले एक जॅकार्ड डिझाइन करणारे गिऱ्हाईक आले, मशीन आय५-१०४००, बोर्ड एच४१०, आत ८ जीबीची एकच २६६६ ची स्टिक (रॅमची पट्टी). त्यांना पाहिजे होती ३६०० ची, वर लाइट लागते ती, कुणीतरी व्हिडिओत बघून सांगितलं होतं. म्हटलं मालक, तुमचा प्रोसेसरच अधिकृतपणे २६६६ चा आहे आणि एच४१० बोर्ड त्याच्या वर जाऊ देत नाही, तुम्ही ३६०० घातली तरी ती खाली उतरूनच चालणार, आणि त्या लाइटवाल्या गेमिंग स्टिका कधी कधी २६६६ ला पण न थांबता २१३३ किंवा २४०० ला जाऊन बसतात कारण त्यांच्या आत खालचे आकडे तेवढेच लिहिलेले असतात. म्हणजे जास्त पैसे देऊन मशीन हळू. साधी ८ जीबी घातली, दोन झाल्या, १६ जीबी. चादरीची मोठी डिझाइन उघडली की आधी मशीन श्वास घ्यायला थांबायचं, ते थांबणं गेलं. ते काय स्पीडमुळं नाही गेलं, जागा झाली म्हणून गेलं.

आपल्या गावात हे समजावायला यंत्रमागासारखं दुसरं उदाहरण नाही. माग म्हणजे प्रोसेसर. मागाशेजारी भरलेल्या कांड्यांची (सूत गुंडाळलेल्या नळ्यांची) टोपली असते, ती टोपली केवढी मोठी ते म्हणजे जीबी. कांडी भरणारी बाई किती भराभर हात चालवते ते म्हणजे २६६६ का ३२००. आणि भरणाऱ्या बायका एक का दोन, ते म्हणजे सिंगल चॅनेल का ड्युअल चॅनेल. टोपलीच छोटी असली की सारखं उठून मागच्या गोदामात जावं लागतं, ते गोदाम म्हणजे हार्डडिस्क, आणि तिथं गेलं की माग उभा राहिला. बाई कितीही चपळ असू दे, टोपली रिकामी असेल तर काय करणार. (रॅपियर मागवाल्यांनी हसू नये, तुमच्याकडं कांडी नसते ते माहीत आहे आम्हाला.)

आकड्यात बघायचं तर डीडीआर४ ची (ही रॅमची पिढी, खाली सांगतो) एक २६६६ ची स्टिक सेकंदाला साधारण २१.३ जीबी माल हलवू शकते, ३२०० ची २५.६ जीबी. पण २६६६ च्याच दोन घातल्या आणि बरोबर स्लॉटात घातल्या तर होतात ४२.६. म्हणून १६ जीबी पाहिजे असेल तर १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या असं आम्ही म्हणतो. पुढं अजून वाढवायची असेल आणि बोर्डाला दोनच स्लॉट असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा १६ ची एक घेऊन ठेवा, दुसरी दिवाळीत घ्या. चार स्लॉट असले तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरच्या बाजूनं मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा, शेजारीशेजारी दोन घालायच्या नाहीत. इतकी साधी गोष्ट, पण बाहेरनं जोडून आलेल्या मशीनमध्ये ही चूक आम्हाला सारखी दिसते, गिऱ्हाईक वर्षभर दोन स्टिका घालून सिंगल चॅनेलवर चालवत असतं.

आता डीडीआर म्हणजे काय ते पटकन. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ ह्या वेगवेगळ्या पिढ्या, एकीची दुसऱ्या स्लॉटात बसत नाही, मधली खाच वेगळ्या ठिकाणी असते. डीडीआर३ ला २४० पिना, ४ आणि ५ ला दोन्हीला २८८, पण खाच वेगळीच, म्हणून जोर लावून बघू नका. जोर लावलेले बोर्ड आमच्याकडं येतात आणि मग आम्ही काही करू शकत नाही. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपला नाही. एच६१, एच८१ वगैरे जुने बोर्ड डीडीआर३ चे, तिथं १३३३ का १६०० ह्या वादात पडूच नका, जी चांगली मिळेल ती घ्या, ८ जीबी करा आणि उरलेल्या पैशात एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, तिच्यापेक्षा लई भराभर चालणारी डिस्क) घाला. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून, म्हणजे २०२१ पासून, एकाच प्रोसेसरला डीडीआर४ चा पण बोर्ड मिळतो आणि डीडीआर५ चा पण, त्यामुळं "आय५ बारावी पिढी आहे" एवढं सांगून भागत नाही, बोर्डाचं नाव लागतंच. एएमडीचे रायझन ७००० वाले मात्र फक्त डीडीआर५.

मग ३२०० घ्यायची कधी? खरं सांगू का, डीडीआर४ मध्ये आता माल येतो तो जास्ती ३२०० चाच. २६६६ आणि ३२०० एकाच भावात मिळत असतील तर डोळे झाकून ३२०० घ्या, जुन्या बोर्डात ती २६६६ ला उतरून गुमान चालते, उद्या बोर्ड बदलला तर कामाला येते. त्यात काय नुकसान नाही. फक्त तेवढ्यासाठी वर पैसे मोजू नका.

पैसे मोजावेत असे दोन गिऱ्हाईक आहेत. एक, ज्यांच्याकडं ग्राफिक कार्ड नाही आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिकवर गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग चालतं, रायझन ५६००जी सारखे. ते ग्राफिक स्वतःची मेमरी आणत नाही, तुमच्याच रॅममधनं उसनं घेतं, त्यामुळं रॅम हळू असली की चित्र अडखळतं. अशा मशीनला दोन स्टिका आणि ३२०० दोन्ही पाहिजेत, फरक डोळ्याला दिसतो. दुसरे, ग्राफिक कार्ड असलं तरी रायझन ३००० किंवा ५००० वर काम करणारे, कारण त्या प्रोसेसरच्या आतला जो जोडरस्ता आहे तो रॅमच्या चालीशी बांधलेला असतो, २४०० वरनं ३२०० ला गेलं की प्रोसेसरपण जरा मोकळा होतो. बाकी टॅली, एक्सेल, जीएसटीचं काम, ऑनलाइन फॉर्म भरायची सेंटर, शाळेचं ऑफिस, ह्यांनी स्पीडचा विचार करून डोकं खपवू नका. २० तारखेला रिटर्न भरताना सर्व्हर अडकतो तो तुमच्या रॅममुळं नाही.

सीएल म्हणून अजून एक आकडा असतो, सीएल१६, सीएल१९, सीएल२२. लोक म्हणतात छोटा तेवढा चांगला, पण तो एकटा बघायचा नसतो. सीएल ला २००० नं गुणा आणि स्पीडनं भागा, उत्तर येतं ते नॅनोसेकंदात, म्हणजे मागितल्यापासनं पहिली कांडी हातात यायला किती वेळ. २६६६ सीएल१९ ला येतात १४.२५, ३२०० सीएल२२ ला १३.७५. बघा, अर्ध्या नॅनोसेकंदाचा खेळ. तीच ३२०० सीएल१६ असली तर १०. म्हणजे साधी ३२०० आणि सीएल१६ ची ३२०० ह्यात जेवढा फरक आहे तेवढा साध्या २६६६ आणि साध्या ३२०० मध्ये नाही. गेमवाल्या पोरांनी हे वाचावं, बाकीच्यांनी पुढं जावं.

सीएल१६ वाली घेतली तर बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडतो तो बोर्डाचा सेटिंगचा पडदा) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील स्पीडवर चालवायचं सेटिंग, चालू करावं लागतं, नाहीतर ती २१३३ किंवा २६६६ वरच झोपून राहते. काही एएमडी बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात, डीडीआर५ ला एक्स्पो. ह्यात आमच्याकडनं पण एकदा चूक झालीय, लपवत नाही. एका फोटो स्टुडिओवाल्यांना लग्नाचे अल्बम करायला मशीन जोडून दिलं आणि गडबडीत एक्सएमपी लावायचंच राहिलं, वर्षभर २१३३ वर चालवलं त्यांनी, सर्व्हिसिंगला आलं तेव्हा कळलं. तेव्हापासनं मशीन देताना स्क्रीनवर आकडा गिऱ्हाईकाला दाखवूनच देतो. आणि एच५१०, एच६१० अशा स्वस्त बोर्डांवर एक्सएमपी लावून मर्यादेच्या वर जाता येत नाही, तिथं महागडी किट घेऊ नका म्हणजे नका.

घरी तपासायचं कसं. तुमचं रोजचं काम सगळं उघडा, टॅली, क्रोमच्या वीस टॅब, कोरल, जे असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्समध्ये जा, मेमरीवर क्लिक करा. वर किती भरलीय ते दिसतं, खाली स्पीड आणि किती स्लॉट वापरलेत ते. ९० टक्क्यांच्या आसपास भरलेली असेल तर जीबी वाढवा. अर्धी रिकामी असेल आणि तरी मशीन रांगत असेल तर दोष रॅमचा नाही, जुनी हार्डडिस्क असेल, एसएसडी घाला, आम्ही रॅम विकून पैसे कमवू शकतो पण तुम्ही आठ दिवसांनी परत येऊन भांडणार.

भांडणावरनं आठवलं. एक काका तावातावानं आले, म्हणे तुम्ही २६६६ सांगून १३३३ ची दिलीत, लई फसवायलाव. मोबाइलवर फोटो होता सीपीयू-झेडचा आणि खरंच १३३३ लिहिलं होतं. काकांची चूक नव्हती. ते सॉफ्टवेअर खरं घड्याळ दाखवतं, आणि डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माल देते, म्हणून १३३३ च्या दुप्पट २६६६. पाकिटावर मेगाहर्ट्झ छापतात ते खरं तर दर सेकंदाला माल द्यायचे दशलक्ष फेरे (मेगाट्रान्स्फर), नव्या विंडोज ११ मध्ये आता एमटी/एस असं बरोबर लिहून येतं. काकांना चहा पाजला, गेले हसत.

डीडीआर५ वाल्यांसाठी दोनच गोष्टी. नवीन रॅम घालून पहिल्यांदा चालू केलं की स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, घाबरून बटण बंद करू नका. आणि चार स्लॉट आहेत म्हणून चार भरू नका, रायझन ७००० चा अधिकृत स्पीड दोन स्टिकांना ५२०० आहे आणि चार घातल्या की ३६०० वर येतो. ३२ जीबी पाहिजे तर १६ च्या दोन.

ऑनलाइनवर ८ जीबी डीडीआर३ लई स्वस्तात दिसते, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं फक्त एएमडी बोर्डसाठी, ती इंटेलवर चालत नाही. तसंच सर्व्हरमधनं काढलेल्या रजिस्टर्ड रॅम, त्या साध्या डेस्कटॉपला चालतच नाहीत. घेऊन झाल्यावर विचारायला येऊ नका, आधी या, विचारायचे पैसे नाहीत.

मागाच्या शेडमध्ये मशीन असेल तर रॅम बदलायच्या आधी एक करून बघा. सुताचे बारीक तंतू स्लॉटात जाऊन बसतात, आणि मशीन चालू होत नाही नुसतं बीप बीप करतं. प्लग काढा, रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरनं हलक्या हातानं पुसा, स्लॉट कोरड्या ब्रशनं झाडा, परत बसवा, दोन्ही बाजूला टक् आवाज आला पाहिजे. निम्म्या वेळी एवढ्यावरच चालू होतं आणि तुमचे पैसे वाचतात.

भाव इथं छापलेला नाही. २०२५ च्या शेवटापासनं एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला लागल्यापासनं रॅमचा भाव असा चढलाय की सकाळचा दर संध्याकाळी सांगायला भीती वाटते. फोन करून त्या दिवशीचा विचारा, आणि जुनी स्टिक चालू असेल तर फेकू नका, आम्ही बघून घेतो किंवा तुमच्याच दुसऱ्या मशीनला लावून देतो.

येताना कॅबिनेट आणायची गरज नाही. झाकण उघडून बोर्डावरच्या नावाचा एक फोटो, आत आहे त्या रॅमच्या स्टिकरचा एक, आणि त्या मेमरीच्या स्क्रीनचा एक, असे तीन फोटो आणा, पुरे. बसवून, आकडा दाखवून देतो, बसवायचे वेगळे पैसे नाहीत. गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी दुकान बंद, आम्ही पण तिकडंच असतो.