कानातली टाकी आणि हृदयाचा ठोका

कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे बहिऱ्या मुलाच्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं ऐकण्याचं उपकरण, पहिल्यांदा सुरू होतं, बाळ दचकतं, मग हसतं, आईच्या डोळ्यांत पाणी. असे व्हिडिओ बघून वाटतं, चला, प्रश्न मिटला! पुढे वर्षानुवर्षं चालणारी स्पीच थेरपी त्या अर्ध्या मिनिटात दिसत नाही. आणखी एक गोष्ट दिसत नाही: बहिऱ्या मुलांपैकी साधारण 30 ते 40 टक्क्यांना कानाखेरीज दुसरंही काही दुखणं किंवा अपंगत्व असतं.

1957 साली नॉर्वेतले डॉक्टर जेरवेल आणि लांगे-नील्सन यांनी एका कुटुंबातल्या जन्मतः बहिऱ्या मुलांची नोंद केली. ही मुलं मधूनच बेशुद्ध पडत. त्यातली काही अचानक दगावली.

कानाचा आणि हृदयाचा संबंध काय? पोटॅशियम!

एरवी पोटॅशियम पेशींच्या आत जास्त असतं, बाहेर कमी. आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात मात्र उलटा कारभार. आवाज टिपणाऱ्या केसपेशींचे शेंडे ज्या द्रवात बुडालेले असतात त्या एंडोलिम्फमध्ये पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, वर सुमारे +80 मिलिव्होल्टचा विद्युतदाब. आवाजाने केस वाकले की बारीक दारं उघडतात आणि पोटॅशियम आपसूक आत घुसतं. ही टाकी भरतो स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस नावाचा पट्टा, आणि त्याची तोटी म्हणजे केसीएनक्यू1 व केसीएनई1 या प्रथिनांनी बनलेली आयनवाहिनी, म्हणजे पोटॅशियम ये-जा करण्याची वाट. हीच वाहिनी हृदयातही असते. तिथे ती प्रत्येक ठोक्यानंतर पोटॅशियम बाहेर सोडून पेशीला पूर्वपदावर आणते. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं, की टाकी कोरडी पडते आणि ईसीजीतलं क्यूटी अंतर, म्हणजे ठोक्यानंतर हृदय पूर्वपदावर येईपर्यंतचा वेळ, लांबतं. धावताना, घाबरल्यावर हृदयाची लय बिघडते, मूल कोसळतं. बघणाऱ्यांना ती फिट वाटते, आणि कधीकधी अपस्माराची औषधंही सुरू होतात.

अशा मुलांना इम्प्लांटचा फायदा होतो, कारण श्रवणतंतू शाबूत असतो आणि इलेक्ट्रोड थेट त्यालाच चेतवतात. पण हृदयाचा दोष माहीत नसताना दिलेली भूल जिवावर बेतू शकते. म्हणून आधी एक साधा ईसीजी. निदान झालं तर हृदयावरचा ताण आवरणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या असतात.

बहिरेपणासोबत येणारे असे इतरही आनुवंशिक आजार आहेत. पेंड्रेड सिंड्रोममध्ये थायरॉइड बघावी लागते. अशर सिंड्रोमच्या पहिल्या प्रकारात आंतरकर्णाचा तोलही गेलेला असतो, त्यामुळे मूल उशिरा, बहुधा दीड वर्षानंतर, चालतं. ‘आळशी आहे’ म्हणून हे सोडून देऊ नये. पुढे रातांधळेपणा येतो, नजरेचा घेर आकसत जातो आणि समोरच्याच्या हातांच्या खुणा दिसेनाशा होऊ लागतात. या मुलांचं इम्प्लांट लवकर करायची घाई असते ती त्यासाठीच.