अंतर्चुंबकावरणातील थंड प्लाझ्मा आणि त्याच्या मोजमापाची पार्श्वभूमी

पृथ्वीच्या अंतर्चुंबकावरणात, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या ताब्यातील अवकाशाच्या आतल्या भागात, संख्येने सर्वांत जास्त असलेले भारित कण ऊर्जेने सर्वांत दुबळे असतात. त्यांची ऊर्जा जेमतेम एक-दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक), बहुतेकदा त्याहूनही कमी असते. अशा भारित कणांचा वायू म्हणजे थंड प्लाझ्मा. पृथ्वीभोवतीच्या व्हॅन ॲलन पट्ट्यांतले जोमदार कण १९५८ मध्ये एक्सप्लोरर-१ वरच्या गायगर गणकाने टिपले. थंड कणांचा माग मात्र त्याआधीच जमिनीवरून लागला होता.

विजेच्या लखलखाटातून निघणाऱ्या अतिनीच वारंवारतेच्या रेडिओलहरी चुंबकीय क्षेत्ररेषेच्या कडेने दुसऱ्या गोलार्धात उतरतात. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेचा भाग मागे पडतो आणि ध्वनिक्षेपकावर उतरत्या सुराची शीळ ऐकू येते. या ‘व्हिसलर’ लहरींना लागलेल्या विलंबावरून केंब्रिजच्या एल. आर. ओ. स्टोरी यांनी १९५३ मध्ये इलेक्ट्रॉनांची घनता काढली. सुमारे १२,००० किलोमीटर उंचीवर ती दर घनसेंटिमीटरला काहीशे भरली. इतक्या वर एवढे कण असतील, अशी तेव्हा कोणाचीच अपेक्षा नव्हती.

१९५९ मध्ये सोव्हिएत ल्युना चांद्रयानांवरच्या आयन-सापळ्यांतून कॉन्स्टँटिन ग्रिंगाउझ यांना ही घनता एका अंतरापलीकडे कोसळताना दिसली. १९६३ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन कार्पेंटर यांनी व्हिसलर-नोंदींतून तीच सीमा स्वतंत्रपणे दाखवली. हीच प्लाझ्मापॉज. तिच्या आत काहीशे ते काही हजार कण, बाहेर अनेकदा दहाहूनही कमी. कारण १९६६-६७ मध्ये निशिदा आणि ब्राइस यांनी उलगडले: आतला प्लाझ्मा पृथ्वीबरोबर फिरतो, बाहेरचा सौरवाऱ्याने चालवलेल्या प्रवाहात सापडून दिवसाच्या बाजूने निसटतो. चुंबकीय वादळात ही सीमा आत सरकते. रिकामी झालेली जागा आयनांबराकडून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या आयनित थराकडून, भरून यायला मात्र कित्येक दिवस लागतात.

खरी अडचण प्रत्यक्ष मोजणीची. विरळ प्लाझ्मात सूर्यप्रकाशामुळे उपग्रहाच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सुटतात आणि यान काही व्होल्टांनी धनभारित होते. मग एक इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन उपकरणापर्यंत पोहोचतच नाही. त्यातून आयनच नाहीत असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. पृथ्वीच्या सावलीत यान ऋणभारित होऊ शकते. तेव्हा आयन वेग घेऊन आत शिरतात आणि आहेत त्याहून ऊर्जावान भासतात. म्हणून १९८१ च्या डायनॅमिक्स एक्सप्लोरर-१ वरच्या आयन-मापकाच्या मुखाला ऋण विभव (व्होल्टेज) देऊन आयन आत ओढण्याची सोय ठेवली गेली.

२००० मध्ये आलेल्या ‘इमेज’ उपग्रहाने हा अडथळाच टाळला. हीलियम आयनांनी विखुरलेला ३०.४ नॅनोमीटरचा सूर्यप्रकाश टिपून त्याने संपूर्ण प्लाझ्मास्फिअरची, म्हणजे प्लाझ्मापॉजच्या आतल्या थंड प्लाझ्माच्या प्रदेशाची, चित्रे दिली. वादळात बाहेर ओढला जाणारा शेपटीसारखा पट्टाही त्यांत स्पष्ट दिसला.

२०१२ ते २०१९ या काळातील व्हॅन ॲलन प्रोब्स या जुळ्या उपग्रहांवर आयन प्रत्यक्ष मोजणे आणि लहरींवरून घनता काढणे या दोन्ही वाटा एकत्र आल्या. आयन-मापक सुमारे एक इलेक्ट्रॉन-व्होल्टपासून पुढे मोजे. लहरी-मापकाच्या नोंदीतून प्लाझ्मा-वारंवारता, म्हणजे प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनांच्या स्वाभाविक आंदोलनाची वारंवारता, काढता येई. ती किलोहर्ट्झमध्ये घेऊन ९ ने भागायची आणि वर्ग करायचा, की दर घनसेंटिमीटरची इलेक्ट्रॉन-घनता मिळते: ९० किलोहर्ट्झला १००. ही पद्धत यानाच्या विभवावर फारशी अवलंबून नसते. आयन-मापकाची बेरीज त्याच जागी २० भरली, तर उरलेले ८० बहुधा त्याच्या खालच्या मर्यादेखाली दडलेले असतात.